मागच्या माणसाचा दिवा

(शताब्दी सोहळ्यात नांदूरघाट येथे दिंडीच्या गाडीच्या सेवेकऱ्यांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





या सोहळ्यात अधिकारी मंडळींनी नामाचा महिमा सांगितला, संतांची चरित्रं सांगितली. आम्ही गाडीवाले. आमच्यापाशी सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. या वर्षी आपल्या दिंडीच्या जुन्या पिकअपचं सगळं वायरिंग काढलं आणि नव्यानं बसवलं. खर्च हिशोबाच्या पानावर आहे, तो ज्यानं त्यानं बघावा. पण पैसे कुठं गेले एवढं कळून भागत नाही. हे काम कशापायी केलं, आणि यापुढं ते कसं सांभाळायचं, हे दिंडीतल्या प्रत्येकाला ठाऊक पाहिजे. गाडीत बसणारे आम्ही दोघं-तिघं. तिच्या मागं-पुढं चालणारे तुम्ही सगळे.

शंभर वर्षांमागं मोटार नव्हती. सामान डोक्यावर, नाहीतर बैलगाडीत. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी बैलगाडीच्या खाली टांगलेला कंदील बघितलेला आहे. आता विचार करा, तो कंदील गाडीच्या वर का नसायचा? बैलाला वाट माहीत असते, त्याला कंदिलाचं फारसं काम नसतं. खाली टांगलेला कंदील पुढून दिसायचा, मागूनही दिसायचा. समोरून येणाऱ्याला आणि मागून येणाऱ्याला कळावं की इथं गाडी आहे, बैल आहेत, माणसं आहेत. कंदील गाडीवानाला जेवढा उपयोगी, त्याहून जास्त दुसऱ्याला. आमच्या आजच्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे. पुढं जे सांगू, ते या कंदिलाचंच.

आता आपली पिकअप काय काम करते ते बघा. पहाटे मुक्काम हलतो. राहुट्या, सतरंज्या, पातेली, शिधा, बिछाने गाडीत चढतात. काकड आरती होऊन दिंडी निघते तेव्हा अंधार असतो. उजाडेपर्यंत गाडी दिंडीच्या शेवटच्या माणसाच्या मागं, माणसाच्या चालीनं चालते. तांबडं फुटलं, नीट दिसायला लागलं, की ती पुढं निघून जाते आणि पुढच्या मुक्कामी चूल पेटवायच्या तयारीला लागते. संध्याकाळी उशीर झाला तर परत मागं येते, थकल्याभागल्याला उचलते आणि पुन्हा दिंडीच्या शेपटाला लागते. म्हणजे अंधारात आपल्या दिंडीची पाठ कोण सांभाळतं? ही गाडी. आणि गाडीची पाठ कोण सांभाळतं? मागचे दोन लाल दिवे.

ते दोन दिवे धड नव्हते. इंडिकेटर लावला की मागचा दिवा लुकलुकायचा. ब्रेक दाबला की कधी लागायचा, कधी नाही. पुढचा उजेड असा की समोर चालणाऱ्याच्या टाचाही दिसू नयेत. पावसात वायपर सुरू केला की हॉर्नचा आवाज बसायचा. आणि दर दोन-तीन मुक्कामांनी सकाळी बॅटरी बसलेली. मग पाच-सहा जणांनी धक्का द्यायचा, गाडी भुर्रकन सुरू व्हायची, आणि सगळे म्हणायचे, "निघाली बगा, पांडुरंगाची कृपा!"

कृपा आहेच. पण त्यामागं इंजिनाचाही एक गुण आहे, तो समजून घ्या. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज फार थोडी लागते. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. डिझेलमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणून वायरिंग कितीही खराब असो, गाडी चालत राहते. आणि गाडी चालते म्हणून वायरिंगकडं कुणी बघत नाही. इंजिन बिघडलं तर आपलं अडतं, म्हणून आपण रातोरात मिस्त्री आणतो. मागचा दिवा बिघडला तर आपलं काहीच अडत नाही. अडतं ते मागून येणाऱ्याचं, आणि भोगतो तो मधे चालणारा.

आपल्या बीड जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे आपली निम्मी-अर्धी गावं ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, वर संसार, वर लेकरं. रात्रीच्या रस्त्यावर दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. कोणत्या घरात काय झालं, हे इथं बसलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. आम्ही नावं घेत नाही.

दिंड्यांवरही असे घाव बसले आहेत. १९ नोव्हेंबर २०१९ ला आळंदीकडं निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत पुण्याजवळच्या दिवे घाटात माती उकरायचं अवजड यंत्र घुसलं. नामदेव महाराजांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघांचा जीव गेला. ३१ ऑक्टोबर २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या जठारवाडीची दिंडी कार्तिकीसाठी पंढरपूरला चालली होती. सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ संध्याकाळच्या वेळी भरधाव मोटार दिंडीत घुसली. सात वारकरी गेले. या अपघातांचं कारण दिवे होते असं आम्ही म्हणत नाही. दुसऱ्याच्या हातातलं स्टेअरिंग आपल्या हातात नसतं. पण आपण दिसावं एवढं आपल्या हातात असतं. जे आपल्या हातात आहे ते तरी पुरतं करावं, एवढाच बोध आम्ही घेतला.

आणि रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही. चौसाळ्याला महामार्गाला लागलो की धुळे-सोलापूरची चौपदरी वाहतूक. पुढं येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी. जिथं आपले आजे-पणजे फुफाट्यातून चालले, तिथं आज मोटारी वाऱ्यासारख्या जातात. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाला दिसून, पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी ३० मीटर पुढं आलेली असते. आपला लाल दिवा त्याला शंभर-दोनशे मीटरवरून दिसला पाहिजे. तीस मीटरवर दिसून उपयोग नाही.

हे सगळं बैठकीत मांडलं तेव्हा बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं, शंभर वर्षं झाली, वर्गणी चांगली जमली, तर ही विकून नवीच घ्यावी. काहींचं म्हणणं, गाडीत पैसा घालण्यापेक्षा मंदिराला रंग द्यावा. एक आबा म्हणाले, "उगं कशाला उकरायलाव? पंधरा वर्षं चालली तशी चालंल की." आम्ही हिशोब मांडला. इंजिन दणकट, चासी सरळ, हौद्याचा पत्रा धड. खराब होतं ते फक्त वायरिंग. नव्या गाडीचा हप्ता दिंडीच्या गळ्यात पडला असता, आणि पुढच्या पाच वर्षांतल्या अन्नदानाला कात्री लागली असती. शिवाय मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाली की दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, आणि तिथं दिवे, इंडिकेटर, हॉर्न बघतातच. शेवटी ठरलं की गाडी हीच ठेवायची, पण वायरिंग अर्धंमुर्धं दुरुस्त करायचं नाही. सगळं काढायचं.

सगळं काढायचं म्हटल्यावर खरी अडचण पुढं आली, आणि ती तारेची नव्हती. ती माणसांच्या मनाची होती.

या गाडीवर पंधरा वर्षांत ज्यानं त्यानं आपापल्या परीनं सेवा केली. एकानं वडिलांच्या स्मरणार्थ टपावर मोठा दिवा दिला. एकानं भोंगा आणि अँप्लिफायर दिला. मुंबईला असलेल्या एका मुलानं मोबाईल चार्ज करायची पट्टी बसवून दिली, एका वेळी वीस-पंचवीस मोबाईल लागतील अशी. कुणी विठ्ठलाच्या तसबिरीभोवती रंगीत माळ लावली. प्रत्येक वस्तू भक्तीनं आली, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एक तार आली. ती तार जिथं जवळ करंट मिळाला तिथं जोडली गेली. कुणी हेडलाईटच्या तारेतून घेतला, कुणी वायपरच्या, कुणी थेट बॅटरीतून. वरून टेप गुंडाळला. टेप उन्हानं सुटला, पावसानं भिजला. डॅशबोर्ड उघडला तेव्हा सुगरणीचं घरटं दिसावं तसं दिसलं. फ्यूजच्या डबीत दोन ठिकाणी फ्यूजच नव्हता, तिथं जाड तार पिळून बसवलेली होती. एके ठिकाणी उंदरानं वरचं प्लास्टिक खाऊन तांबं उघडं केलं होतं, आणि ते तांबं पत्र्यापासून बोटभर अंतरावर होतं. हौद्यात त्याच बाजूला आपण गॅसच्या टाक्या ठेवतो.

माउली, ते बघितलं आणि आमचं बोलणंच बंद झालं. पांडुरंगानं राखलं.

ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्या घरी आम्ही गेलो. टपावरच्या दिव्याचं सांगितलं तेव्हा त्या घरातली माउली म्हणाली, "दिवा काढला तर मालकांचं नाव निघालं म्हणायचं." त्यांना आम्ही गाडीपाशी आणलं. उघडं तांबं दाखवलं, गॅसची टाकी दाखवली. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तार बदला. दिवा ठेवा. आणि रस्त्यावर लावू नका, मुक्कामाला लावा. बायांना अंधारात जावं लागतं." आम्ही तसंच केलं. आज तो दिवा मुक्कामाच्या जागी, स्वतःच्या वेगळ्या तारेवर, स्वतःच्या फ्यूजवर लागतो, आणि गाडी चालू असताना लागतच नाही. नाव राहिलं आणि सेवाही वाढली. कुणाचीही वस्तू टाकली नाही. फक्त प्रत्येक वस्तूला तिची वाट दिली.

आता काम कसं केलं ते थोडक्यात सांगतो. इथं बाहेरगावच्या दिंड्यांचे लोकही आहेत. त्यांच्या गाड्यांनाही उपयोग होईल.

पहिलं काम, बॅटरीची वजा बाजूची तार सोडली. आधी वजा, मग अधिक. बसवताना उलट, आधी अधिक, शेवटी वजा. याला कारण आहे. सगळा पत्रा वजा बाजूला जोडलेला असतो. वजा जोडलेली असताना अधिकचा नट सोडायला गेलो आणि पाना पत्र्याला टेकला तर तिथंच भडका. वजा आधी सुटली की पाना कुठंही टेकला तरी काही होत नाही.

दुसरं काम वहीचं. गावातलाच वायरमन पोरगा कामाला होता. तो म्हणाला, "आधी काढायचं न्हाई, आधी लिहायचं." प्रत्येक तारेला चिकटपट्टीचा तुकडा लावून आकडा टाकला. ती कुठून निघते, कुठं जाते, रंग कोणता, हे वहीत उतरवलं, मोबाईलनं फोटो काढले. मग जुनं वायरिंग न तोडता अख्खं बाहेर काढून देवळाच्या ओट्यावर पसरलं आणि त्यावरून नव्याची मापं घेतली. ती वही आता गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवली आहे. उद्या आम्ही नसलो तरी दुसरा सेवेकरी ती उघडून काम करील.

तिसरं, तार. घरातल्या फिटिंगची जी तार उरलेली असते ती गाडीत घालायची नाही. गाडी हादरते, तापते, डिझेल-ऑइल उडतं. त्यासाठी बारीक पदरांची, तांब्याची, गाडीसाठीच बनवलेली तार मिळते. जाडी किती घ्यायची हे अंदाजानं ठरवायचं नाही. गणित शाळेतलंच आहे. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर. हेडलाईटचा बल्ब ६० वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ५ अँपिअर. दोन्ही बल्ब मिळून १०. हा करंट दुकानात ज्याला एक एमएम म्हणतात त्या तारेतून पाच मीटर नेला तर वाटेत जवळजवळ ०.९ व्होल्ट खर्ची पडतं. अडीच एमएमच्या तारेत तेच ०.३५ वर येतं. आमच्या जुन्या तारांमध्ये बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट होतं आणि बल्बापाशी जेमतेम साडेदहा. दोनच व्होल्ट कमी, तर काय एवढं, असं वाटेल. पण साध्या बल्बचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. आमचा उजेड निम्म्यावर आला होता. बल्ब तीन वेळा बदलून झाले होते. दोष बल्बाचा नव्हताच, वाटेतल्या तारेचा होता.

चौथं, फ्यूज. फ्यूज बल्ब वाचवायला असतो असं लोकांना वाटतं. तो तार वाचवायला असतो. कुठं तार पत्र्याला टेकली आणि करंट बेफाम वाहू लागला, तर तार लालबुंद होऊन पेटायच्या आत फ्यूज स्वतः जळतो आणि वाट बंद करतो. म्हणून मोठा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घातला, आणि पुढं प्रत्येक फांदीला तिचा वेगळा. रंग पाठ करा: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. लाल जळला तर लालच घालायचा. पुन्हा जळला तर कारण शोधायचं. हिरवा घालून पुढं जायचं नाही, आणि तार पिळून तर कदापि नाही.

मागच्या दोन लाल दिव्यांचं खास सांगतो. डावा एका फ्यूजवर घेतला, उजवा दुसऱ्यावर. एक गेला तरी दुसरा लागलेला राहतो. दिंडीची पाठ पूर्ण अंधारात जात नाही. ब्रेकचा दिवा वेगळा. चारी इंडिकेटर एकदम लुकलुकवायचं बटन चावी बंद असतानाही चालेल असं थेट घेतलं, कारण रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडते तेव्हाच त्याची खरी गरज असते. याशिवाय रिफ्लेक्टर लावले, मागं लाल, बाजूंना पिवळे, पुढं पांढरे. बॅटरी मेली तरी रिफ्लेक्टर चमकतो. मागच्या बाजूला पांढरा झगझगीत दिवा लावायचा मोह कुणी करू नये. त्यानं मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याला वाटतं समोरूनच गाडी येते आहे.

पाचवं, हेडलाईटला रिले घातले. पूर्वी सगळा करंट स्टेअरिंगजवळच्या बटनातून जायचा आणि बटन तापायचं. आता बटन फक्त इशारा करतं, आणि जड करंट रिलेमधून बॅटरीकडून सरळ बल्बाकडं जातो.

सहावं आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थिंग. इथं कीर्तनकार महाराजांची परवानगी घेऊन एक दृष्टांत देतो. वारी म्हणजे काय? जाऊन येणं. नुसतं पंढरपूरला गेलं आणि तिथंच राहिलं तर त्याला वारी म्हणत नाहीत. करंटचंही तसंच आहे. बॅटरीतून निघालेला करंट बल्बातून जाऊन बॅटरीत परत आला तरच उजेड पडतो. गाडीत जायला तार असते आणि यायला पत्रा असतो. जायच्या वाटेकडं सगळे बघतात, परतीच्या वाटेवर गंज चढतो आणि कुणाला पत्ता नसतो. आपल्या गाडीचा मागचा दिवा इंडिकेटरबरोबर का लुकलुकायचा? दोघांच्या परतीची वाट बंद झाली होती, म्हणून एकाचा करंट दुसऱ्याच्या बल्बातून वाट काढत होता. हौदा आणि चासी यांच्यामध्ये लाकडाच्या, रबराच्या पट्ट्या असतात. त्या वाटेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून मागच्या दिव्यांपासून चासीपर्यंत वेगळी काळी तार ओढली. बॅटरी ते चासी आणि चासी ते इंजिन जाड पट्टा घातला. जिथं जिथं बोल्ट लावला तिथला रंग घासून पत्रा चकचकीत केला आणि वरून ग्रीस लावलं.

सातवं, वाट. तार सायलेन्सरपासून लांब नेली. पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी बूच बसवलं, नाहीतर हादऱ्यानं पत्रा सुरीसारखा कापतो. वीतभर अंतरावर पकड घातली. जोड रस्त्यात कुठंही ठेवला नाही. जिथं ठेवावाच लागला तिथं लग दाबून, स्लीव्ह चढवून पक्का केला. दिव्याजवळ तारेला थोडा झोळ ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून घसरत दिव्यात न जाता खाली ठिबकतं. आषाढातली गाडी आहे ही, पाण्याचा विचार आधी करावा लागतो.

आता बॅटरी का बसायची ते. तिला करंट पुरवणारा अल्टरनेटर इंजिनाच्या गतीवर चालतो. इंजिन जोरात फिरलं की भरपूर देतो, हळू फिरलं की थोडा देतो. आपली गाडी तर माणसाच्या चालीनं चालते. दोन-दोन तास हेडलाईट, भोंगा, वीस मोबाईल. येणं कमी आणि जाणं जास्त. असा संसार कुणाचाही बसेल! म्हणून भोंगा आणि मोबाईलची पट्टी मुख्य बॅटरीवरून पूर्ण काढली. त्यांना वेगळी बॅटरी दिली, वेगळ्या पेटीत, आणि ती मुक्कामाला भरून घ्यायची. भोंग्याची बॅटरी संपली तर तोंडानं भजन म्हणू. आपले पूर्वज तसंच म्हणत आले. पण मागचा दिवा विझता कामा नये.

आणि गॅसच्या टाक्या आता हौद्याच्या दुसऱ्या टोकाला, उभ्या, टोपण घालून, दोरीनं बांधून. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीनं पेटतो. टाकी आणि बॅटरी शेजारी नकोत. बॅटरीपाशी विडी-काडीही नको.

काम पुरं झालं त्या रात्री गाडी देवळासमोर उभी केली. बैठकीत "उगं कशाला" म्हणणारे आबा हातात काठी घेऊन रस्त्यानं लांब चालत गेले, पार पाराच्या पुढं. तिथून त्यांनी हाक मारली, "दोन्ही दिसतेत!" तीच आमची फिटनेस.

माउली, आता आमचं मागणं. वायरिंग नवं झालं म्हणजे काम संपलं असं नाही. ते पुन्हा सुगरणीचं घरटं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून चार गोष्टी ठरवल्या आहेत, त्या सगळ्यांनी पाळाव्यात.

एक. पहाटे निघण्याआधी आणि दिवेलागणीला दोन माणसांनी दिवे बघायचे. एक आत बसेल, एक मागं उभा राहील. लाल दिवा डावा, उजवा, ब्रेक, इंडिकेटर. मिनिटाचं काम आहे. ही सेवा पाळीनं सगळ्यांना लागेल, त्याला ड्रायव्हरच पाहिजे असं नाही. डोळे धड असणारी आजीही हे करू शकते.

दोन. मागच्या दिव्यांवरचा चिखल फडक्यानं पुसायचा. वायरिंगवर एवढा खर्च केला आणि काचेवर बोटभर चिखल असेल तर सगळं पाण्यात. एक फडकं त्यासाठीच हौद्याच्या कडीला बांधलेलं आहे, ते भांडी उतरवायला घेऊ नका.

तीन. कुणालाही काही वस्तू द्यायची असेल तर आनंदानं द्यावी, पण तार स्वतः जोडू नये. वहीत नोंद होईल, तिला वेगळा फ्यूज मिळेल, मगच ती लागेल. सुटे फ्यूज औषधाच्या पेटीत आहेत.

चार. दिंडीच्या शेवटच्या ओळीत चालणाऱ्यांनी पहाटे अंगावर पांढरं किंवा चमकणारं काहीतरी घ्यावं. पताकेच्या काठीला लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावून घ्यावी. गाडी पुढं गेल्यावर मागून दिसणारं तेवढंच राहतं.

दिंडीत सगळ्यांचं लक्ष पुढं असतं, आणि तसंच असावं. पुढं विणा आहे, पताका आहे, पुढं पंढरी आहे. पण ओळीत सगळ्यात शेवटी जो चालतो, तो बहुधा म्हातारा असतो, पायाला फोड आलेला असतो, नाहीतर कडेवर लेकरू घेतलेली एखादी बाई असते. जोरात चालणारा शेवटी कधी नसतो. दिंडी शंभर वर्षं चालली ती या शेवटच्या माणसाला बरोबर घेऊन चालली. एकशे एकाव्या वर्षीही त्याच्या मागं दोन लाल दिवे लागलेले असतील, एवढी जबाबदारी आम्ही गाडीवाल्यांनी घेतली आहे. ते पुसायची जबाबदारी तुम्ही घ्या.

रामकृष्ण हरी!